सेटलमेंटनंतरचं पहिलं कार्ड

प्रश्न : ताई, इचलकरंजीत माझे जॉबवर्कचे आठ माग होते. लॉकडाउननंतर व्यापाऱ्याकडे मजुरी अडकली, वीजबिल थकलं आणि शेवटी माग भंगाराच्या भावात गेले. पर्सनल लोनचे ३,१०,००० रुपये थकले होते, ते २०२२ मध्ये १,४०,००० भरून सेटल केले. क्रेडिट कार्डाचे ८६,००० पुढच्या वर्षी ३८,००० वर मिटवले. आता सूतगिरणीत सुपरवायझर आहे. पगार २६,००० रुपये, खात्यावर जमा होतो. सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणारा पतीचा आकडा, ५८८ दाखवतो. मुलगी दहावीला आहे. तिला इंजिनिअरिंगला घालायचं तर शैक्षणिक कर्ज लागेल. एक एजंट म्हणतो, ४,९९९ रुपये द्या, ‘सेटल्ड’ (पूर्ण न भरता तडजोडीनं मिटवलं) हा शेरा काढतो आणि कार्डही मिळवून देतो. ‘आत्ता घ्या, नंतर भरा’ म्हणणाऱ्या ॲपचे मेसेज तर रोजच येतात. बायको म्हणते, कार्ड पुन्हा घरात नको. जवळ ४०,००० रुपये साठलेत. कोणतं कार्ड घेऊ? की तेव्हाच कोर्टात नादारीचा अर्ज करायला हवा होता?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुम्ही आकडे स्पष्ट लिहिलेत, म्हणून मलाही नेमकं सांगता येईल. बँकेच्या कर्ज विभागात माझी सगळी नोकरी गेली. धंदा बसल्यावर माणसं फोन बंद करून गाव सोडतात, तेही पाहिलंय आणि तुमच्यासारखी समोर येऊन जमेल तेवढं भरणारीही पाहिली आहेत. तुम्ही मान खाली घालायचं काही कारण नाही.

नादारीचा विचार आता सोडून द्या. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यातला व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, तोही फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांसाठी. बाकीच्यांना आपल्याकडे अजून १९२० चा जुना कायदा आणि जिल्हा न्यायालय. तुमची खाती मिटलेली आहेत, त्या वाटेनं जाऊन आता काही मिळणार नाही.

एजंटला एक रुपयाही देऊ नका, आधार-पॅनच्या झेरॉक्सही देऊ नका. तुमच्या कर्जांचा आणि परतफेडीचा जो क्रेडिट रिपोर्ट असतो, त्यातली नोंद बँकेनं कळवलेली असते. ती बदलायची तर बँकेनंच नवी माहिती पाठवावी लागते, मधल्या कुणाच्या हातात काही नसतं. नोंद खरोखर चुकीची असेल तर तक्रार तुम्ही स्वतः, फुकट करू शकता. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम रिझर्व्ह बँकेनं २०२४ पासून लागू केला आहे.

म्हणून कार्डाच्याही आधी रिपोर्ट काढा. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या अशा नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांना वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावाच लागतो. स्वतः पाहिल्यानं स्कोअर उतरत नाही. नुसता ५८८ हा आकडा बघून थांबू नका, प्रत्येक खात्यासमोरचा शेरा वाचा. पैसे भरून मिटवलेलं खातं अजून ‘रिटन ऑफ’ (बुडीत) दिसतंय आणि थकबाकी ३,१०,००० च आहे, असे रिपोर्ट माझ्या टेबलावर कितीदा आले. सेटलमेंटचं पत्र आणि भरलेल्याची पावती जपून ठेवली असेल, तर ही दुरुस्ती होते आणि तिचा फायदा कुठल्याही कार्डापेक्षा मोठा असतो.

आता कार्ड. स्कोअर ५८८ असताना साध्या कार्डाचे अर्ज करूच नका. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टमध्ये नोंदली जाते, आणि नकारावर नकार मिळालेला माणूस पुढच्या बँकेला गरजू दिसतो. ‘नंतर भरा’वाली ॲपही त्याच कारणासाठी नकोत. ती बहुतेक वेळा छोटी कर्जंच असतात आणि रिपोर्टमध्ये तशीच चढतात. प्रीपेड कार्डानं किंवा डेबिट कार्डानं तुमची काहीच पत तयार होत नाही, कारण त्यात उधारी नसते.

तुमच्यासाठी कार्ड एकच, मुदत ठेवीवरचं. तुम्ही बँकेत एफडी ठेवता, बँक तिच्यावर लीन मार्क करते, म्हणजे ती तारण म्हणून अडकवून ठेवते, आणि त्या रकमेच्या साधारण ७५ ते १०० टक्के लिमिटचं कार्ड देते. ठेवीवरचं व्याज तुम्हाला मिळतच राहतं. बऱ्याच बँकांत २०-२५ हजारांच्या ठेवीवर असं कार्ड मिळतं, काही ठिकाणी त्याहून कमीतही. तारण हातात असल्यानं बँक जुन्या स्कोअरवर फारसं अडून बसत नाही.

बँक निवडताना, ज्यांच्याकडे सेटलमेंट केलीत त्या दोघांकडे जाऊ नका. तडजोड केलेल्या कर्जदाराला पुन्हा कर्ज देण्याआधी किमान बारा महिने थांबायचं, असं रिझर्व्ह बँकेचं २०२३ चं धोरण आहे. ते बारा महिने उलटले असले तरी त्यांच्या आतल्या नोंदींत तुमचं नाव राहतं. पगाराचं खातं तिसऱ्याच बँकेत असेल तर आधी तिथे विचारा. पतसंस्थेतली ठेव या कामाला चालत नाही, आणि बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत जो विमा असतो तोही तिला नसतो. रिवॉर्ड पॉइंट, विमानतळाचे लाउंज यांकडे बघू नका. वार्षिक फी शून्य आहे का, ते बघा. कार्ड बंद केल्यावर ठेव किती दिवसांत मोकळी होते, हे लेखी घ्या. कार्डाची माहिती चारही कंपन्यांना जाते का, हे शाखेतल्या माणसाला विचाराच. त्याला ठाऊक नसेल तर कस्टमर केअरला फोन करा.

ठेव २०,००० चीच करा. कार्डावर महिन्याला तीन-चार हजारच जाऊ द्या. वीजबिल आणि गॅस सिलिंडर, बस्स. लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत राहिलेलं बरं. आणि ऑटो-डेबिट लावताना ‘मिनिमम ड्यू’ (किमान रक्कम) नव्हे, ‘टोटल ड्यू’ (पूर्ण बिल) निवडा. हे मी हात जोडून सांगते, कारण बहुतेक माणसं इथेच बुडाली. बिलातले १०,००० रुपये न भरता मागे ठेवले आणि व्याज महिना साडेतीन टक्के धरलं, तर ३५० रुपये व्याज आणि त्यावर ६३ रुपये जीएसटी जातो. शिवाय नव्या खरेदीवर बिनव्याजी दिवसही मिळत नाहीत. कार्डानं रोख काढली तर व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं. आणि ठेव आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बिल चुकलं तर बँक ठेवीतून वसुली करेलच, पण उशिराची नोंद तुमच्या नावावर राहील.

उरलेल्या २०,००० चं काय? कार्डाच्या सेटलमेंटमध्ये बँकेनं ४८,००० सोडले होते. त्या बँकेला पत्र लिहा : ही रक्कम हप्त्यांनी भरतो, पूर्ण भरल्यावर ‘सेटल्ड’ बदलून ‘क्लोज्ड’ कळवाल का? लेखी होकार आला तरच भरा. पैसे भरून झाल्यावर ‘नो ड्यूज’ दाखला घ्या आणि दोन महिन्यांनी रिपोर्ट तपासा. लोनचे १,७०,००० सध्या तुमच्या आवाक्याबाहेर आहेत. त्यासाठी नवं कर्ज काढू नका.

स्कोअर किती महिन्यांत किती चढेल, असं वचन मी देणार नाही. जो देतो त्याच्यापासून लांब राहा. पण रिपोर्टमध्ये महिन्या-महिन्याच्या परतफेडीचा छत्तीस महिन्यांचा तक्ता दिसतो. मुलगी बारावी होईपर्यंत त्यातले बरेच रकाने स्वच्छ झालेले असतील, आणि अर्ज वाचणारा अधिकारी हा तक्ता बघतो. मीही आधी तोच बघत असे. वर्षभरानं बँक साधं कार्ड देऊ करेल, तेव्हा ठेवीवरचं घाईनं बंद करू नका.

वहिनींचं म्हणणं मला पटतं. मागच्या कार्डानं घरात काय झालं, ते त्यांनी सोसलंय. म्हणून नव्या कार्डाचं ॲप दोघांनी मिळून उघडा आणि बिल त्यांनाही दिसू द्या. दुसरं महत्त्वाचं. नवऱ्याचा स्कोअर बायकोच्या स्कोअरमध्ये मिसळत नाही. शैक्षणिक कर्जाला आई किंवा वडील सहकर्जदार लागतात. वहिनींचं स्वतःचं काही उत्पन्न असेल, शिवणकाम असो की डब्याचं, तर ते आतापासून बँक खात्यातून जाऊ द्या, शक्य असेल तर आयकर रिटर्नही भरा. त्यांचा रिपोर्टही याच आठवड्यात काढा. मागांसाठी घेतलेल्या कुठल्याही कर्जाला त्या जामीनदार असतील, तर ते खातं त्यांच्याही नावावर दिसेल. तसं निघालं तर कर्जाचं नाव आणि समोरचा शेरा लिहून मला पुन्हा कळवा, कारण मग आधी ते खातं सोडवायला हवं आणि कार्ड थोडं थांबेल.