लेकीला डंपच्या मातीचं शिकायचंय

प्रश्न : मी घुग्घुसकडे कोळसा खाणीत डंपर चालवतो. मुलगी अकरावी सायन्सला आहे. खाणीतून निघणाऱ्या मातीची वाळू, विटा करायचं शिकायचं म्हणते. एक खासगी कॉलेज 'सस्टेनेबल मटेरियल्स'चा कोर्स सुचवतंय, फी जबर आहे. घालू का? – एक वडील, जि. चंद्रपूर

भाऊ, नमस्कार. जी ओबी, म्हणजे कोळशावरची काढलेली माती-दगड, तुम्ही वर्षानुवर्षं डंपवर (ढिगावर) नेऊन टाकली, तिचं पुढे काय, हा प्रश्न तुमच्याच लेकीला पडला याचा मला फार आनंद झाला. तिला अडवू नका. त्या कोर्सची फी मात्र भरू नका.

या कामात आधी दगड ओळखता यावा लागतो. आपल्या वर्धा खोऱ्यात कोळशाच्या वर बऱ्याच ठिकाणी कामठी नावाच्या थराचा वालुकाश्म, म्हणजे वाळूचा घट्ट झालेला दगड, आहे. तो फोडून, चाळून, धुतला की बांधकामाची वाळू मिळते. वेकोलिनं (वेस्टर्न कोलफिल्ड्स, सरकारी कोळसा कंपनी) नागपूर जिल्ह्यात गोंडेगावला हे केलंय. ओबीतली वाळू पंतप्रधान आवास योजनेच्या घरांनाही गेली आहे. पण त्याच डंपात चिकणमाती असते, शेल (चिकणमातीचा पापुद्र्यांचा दगड) असतो. कुठे पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) निघालं तर हवा-पाण्यानं त्यातून आम्ल सुटतं आणि काँक्रीट खराब होतं. म्हणजे प्रत्येक ढिगाची तपासणी आलीच.

घरी एक करून बघा. मूठभर ओबी तुम्हीच आणा, तिला डंपवर चढू देऊ नका. काचेच्या उभ्या बाटलीत ती घाला, पाणी आणि चिमूटभर मीठ टाकून जोरात हलवा आणि तीन तास हात लावू नका. खाली वाळू बसेल, वर गाळाचा मऊ थर. तिला पट्टीनं दोन्ही थर मोजू द्या. साइटवर वाळूची पहिली पारख अशीच होते.

यात ती रमली तर मेटलर्जी (धातुशास्त्र), केमिकल किंवा सिव्हिल, यांपैकी एक पक्की शाखा घ्यावी. टाकाऊ मालाचं खास शिक्षण एम.टेक.ला घेता येतं. नागपूरच्या व्हीएनआयटीत मेटलर्जी आणि मायनिंग दोन्ही आहेत, त्यासाठी जेईई मेन. पुण्याच्या सीओईपीत मेटलर्जी आहे, तिथे सीईटी चालते. पुढे संशोधनात जायचं तर नागपुरातच जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र आहे. बॉक्साइटमधून ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचा कच्चा माल) काढल्यावर उरणाऱ्या कॉस्टिकयुक्त लाल चिखलावर तिथे काम होतं. भोपाळची ॲम्प्री, भुवनेश्वरची आयएमएमटी याही याच वाटेवरच्या सरकारी संशोधन संस्था.

एक अडचण तिला आताच सांगून ठेवा. हा माल जड आणि स्वस्त असतो. लांब न्यायचा तर डिझेलच मालापेक्षा महाग पडतं. म्हणून कारखाना खाणीच्या आसपासच लागतो आणि नोकरीही तिथेच. मुलगी आणि खाण, ही काळजी तुमच्या मनात असेल. २०१९ पासून महिलांना, त्यांच्या लेखी संमतीनं, भूमिगत खाणीतही काम करता येतं.

बारावीचं गणित आणि केमिस्ट्री तिला नीट करू द्या. आणि बाटलीत गाळाचा थर किती आला, ते तिलाच मला लिहून कळवायला सांगा.