वाचकांचे प्रश्न : वर्गातल्या मैत्रीचा नकाशा

प्रश्न : गोव्यात मुरगाव तालुक्यातल्या आमच्या शाळेत नववीत ४२ मुले आहेत. निम्म्यांचे आईवडील कर्नाटक, बिहार, झारखंडहून कामासाठी आलेले. मित्रांच्या नादाने मुले तंबाखूकडे वळतात का, हे कसे तपासावे? – एक शिक्षिका

उत्तर : ‘तुला मित्र किती?’ असे विचारू नका. त्याने कोण कोणाचा मित्र, याचा नकाशा तयार होत नाही. वर्गाची यादी द्या, नावापुढे नवे क्रमांक घाला (हजेरीचे नकोत, ते सगळ्यांना पाठ असतात) आणि जवळच्या पाच मैत्रिणी व पाच मित्रांचे क्रमांक लिहायला सांगा. अमेरिकेत १९९४ साली सुरू झालेल्या ‘ॲड हेल्थ’ अभ्यासात सुमारे ९०,००० शाळकरी मुलांना असेच विचारले होते. नंतर याद्या मोजून परत घ्या. तंबाखूविषयीची उत्तरे वर्गशिक्षकांच्या हाती पडणार असतील, तर खरे कोणी लिहिणार नाही. आधी नैतिकता समितीची (पाहणीत मुलांचे हित जपले जाते का, हे तपासणाऱ्या समितीची) मंजुरी, पालकांची लेखी संमती आणि मुलांचा स्वतःचा लेखी होकार हवा. संमतीपत्र कन्नड व हिंदीतही काढा.

गैरहजेरी फार महागात पडते. सहा मुले आली नाहीत, तर ३६ जणांची उत्तरे मिळतात. पण मैत्री दोन्ही बाजूंनी आहे का, हे ४२ मुलांच्या ८६१ जोड्यांपैकी ६३० जोड्यांतच तपासता येते. मेच्या सुट्टीत गावी गेलेली मुले उशिरा परततात, म्हणून शाळा उघडताच पाहणी नको. गैरहजर मुलांसाठी आणखी एक दिवस राखून ठेवा.

एकाच पाहणीवरून ‘संगतीने बिघडला’ असे मात्र म्हणू नका. तंबाखू खाणारी मुले एकमेकांना शोधून मैत्री करतात, हेही तितकेच शक्य आहे. आधी मैत्री की आधी सवय, हे कळायला त्याच मुलांची काही महिन्यांनी दुसरी पाहणी लागते. तरीही घरचे वातावरण, नाक्यावरचा गाडा अशी समान कारणे उरतातच. त्यांचे प्रश्न वेगळे घाला.

सगळ्यात मोठी चूक स्थलांतरित मुलांबाबत होते. यादी वर्गापुरती असते, त्यांची माणसे मात्र मूळ गावचा चुलतभाऊ, झुआरीनगरच्या खोलीतले शेजारी अशी बाहेर असतात. कागदावर ते मूल एकटे दिसते. म्हणून ‘शाळेबाहेर मनातले कोणाला सांगतोस? फोनवर की भेटून? आठवड्यातून किती वेळा?’ हे जरूर विचारा आणि ती उत्तरे पाहिल्याशिवाय कोणाही मुलावर ‘एकलकोंडा’ असा शिक्का मारू नका.