ज्वलनशील, ज्वालाग्राही की ऑक्सिडीकारक?

प्रश्न सोलापूरहून आला आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका डाईंगमध्ये स्टोअर सांभाळणाऱ्या ताई विचारतात: "सोडियम नायट्राइटच्या पोत्यांबरोबर आलेल्या कागदावर हा माल 'ऑक्सिडायझिंग सॉलिड' आहे असं लिहिलंय. कामगारांसाठी मराठी पाटी करायची होती, म्हणून मी 'ज्वलनशील घन पदार्थ' असं लिहिलं. सुपरवायझर म्हणतात बरोबर आहे, मला मात्र पटत नाही. आणि पदार्थ तसा आहे का हे तपासण्याला 'ऑक्सिडीकरण चाचणी' म्हणायचं का?"

ताई, तुम्हाला पटलं नाही ते योग्यच झालं. ती पाटी आजच उतरवा.

'ज्वलनशील' मधला 'शील' म्हणजे अंगचा स्वभाव. सहनशील माणूस स्वतः सहन करतो, तसा ज्वलनशील पदार्थ स्वतः जळतो. 'ज्वालाग्राही' म्हणजे ज्वाला चटकन पकडणारा; पेट्रोलच्या टँकरवर तो शब्द शोभतो. सोडियम नायट्राइट यातलं काहीच करत नाही. त्याचे पिवळसर पांढरे खडे काडी लावून पेट घेत नाहीत. पण त्याच खड्यांच्या सोबतीला सूत, पोत्याचं कापड किंवा लाकडाचा भुसा असेल आणि तिथे ठिणगी पडली, तर ती आग हवेच्या भरवशावर राहत नाही. तिला लागणारा ऑक्सिजन खडेच पुरवतात. जळतं दुसरंच, हा त्याला जाळायला मदत करतो. 'ऑक्सिडायझिंग' म्हणजे हेच, मराठीत ऑक्सिडीकारक. तुमच्या पाटीनं कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल केली आहे.

हा फरक चाचणीत स्पष्ट दिसतो, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या नियमांत स्थायू पदार्थांसाठी 'ओ.1' नावाची चाचणी आहे. तीत पदार्थाला एकट्याला पेटवून बघतच नाहीत. तो कोरड्या सेल्युलोजच्या तंतूंत मिसळतात, एकदा वजनानं चारास एक आणि एकदा समसमान. मिश्रण 30 ग्रॅम घेतात, म्हणजे पहिल्या वेळी 24 ग्रॅम पदार्थ आणि 6 ग्रॅम सेल्युलोज. त्याचा शंकूसारखा ढीग करतात, तळाशी साधारण 70 मिलिमीटर रुंद. ढिगाखाली नायक्रोमची तार असते. तिच्यात वीज सोडायची, घड्याळ सुरू करायचं आणि मुख्य ज्वलन संपायला किती वेळ लागतो ते मोजायचं. असं प्रत्येक मिश्रणाचं पाच वेळा. ही सरासरी मग पोटॅशियम ब्रोमेट आणि सेल्युलोज यांच्या ठरलेल्या मिश्रणाशी ताडून बघतात. तीनास सात प्रमाणातल्या ब्रोमेट मिश्रणाइतक्या किंवा त्याहून कमी वेळात ढीग जळून गेला, तर पदार्थ 5.1 या, म्हणजे ऑक्सिडीकारकांच्या, वर्गात जातो. पेटलाच नाही किंवा त्याहून सावकाश जळला, तर त्या वर्गातून सुटला. (हे ब्रोमेट म्हणजे पूर्वी पावाच्या पिठात घालत तेच. आपल्याकडे 2016 साली खाद्यपदार्थांत त्याला बंदी झाली. ते हाताळायला घातक, म्हणून पुढे आलेल्या 'ओ.3' चाचणीत त्याच्या जागी कॅल्शियम पेरॉक्साइड घेतात आणि घड्याळाऐवजी ढिगाचं वजन कसं घटतं ते बघतात.)

आता बघा, घड्याळ लावलं ते सेल्युलोजच्या जळण्याला आणि निकाल लागला तो त्यात मिसळलेल्या पदार्थाचा. कापूस जवळजवळ सगळा सेल्युलोजच असतो. चादरीचं सूत, टॉवेलचं सूत, मागाखाली साचणारी तंतूंची धूळ, सगळं तेच. प्रयोगशाळेतला तो 30 ग्रॅमचा ढीग तुमच्या स्टोअरमध्ये फाटक्या पोत्यातून सांडलेल्या खड्यांचा आणि जमिनीवरच्या धुळीचा आपोआप तयार होऊ शकतो. पाटीवरच्या शब्दासाठी मी एवढा हट्ट धरतो आहे तो यामुळे.

दुसरा प्रश्न व्याकरणाचा आहे आणि मला फार आवडला. शुद्धीकरण, घनीकरण, भस्मीकरण यांतला 'ई' संस्कृतातल्या च्वि प्रत्ययाचा: जे आधी तसं नव्हतं ते तसं करणं. 'करण' च्या जागी 'भवन' आलं की ते तसं होणं. हा फरक मी शब्दकोशाच्या आधी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका अंगणात पाहिला. शेजारचे आजोबा सूत रंगवायचे. निळीच्या टबातून लडी वर काढली की आधी हिरवट पिवळी दिसायची. दांडीवर टाकून झटकली की बघता बघता टोकांकडून निळी होत यायची. आम्ही पोरं हात लावायला धावलो की ते ओरडायचे, "थांबा, हवा लागू दे!" आज त्याचं शास्त्रीय मराठी असं करीन: लडीतल्या निळीचं ऑक्सिडीभवन झालं, हवेनं तिचं ऑक्सिडीकरण केलं, म्हणून इथे हवा ऑक्सिडीकारक.

तेव्हा 'ऑक्सिडीकरण चाचणी' नको. ऐकणाऱ्याला वाटेल की पदार्थाचंच ऑक्सिडीकरण करून पाहिलं. 'ऑक्सिडीकारकता चाचणी' म्हणा. वाक्यात लिहायचं असेल तर 'पदार्थ ऑक्सिडीकारक आहे का याची चाचणी' हे लांब असलं तरी मला जास्त बरं वाटतं. मराठी विश्वकोशात 'ऑक्सिडीकारक' आहे, शालेय पुस्तकात 'ऑक्सिडक' आहे. दोन्ही बरोबर. पोषक, मारक यांच्या ओळीत 'ऑक्सिडक' सुटसुटीत बसतो, पण 'कारक' मध्ये करणारा लगेच ऐकू येतो, म्हणून माझं मत त्याच्या बाजूनं. 'ऑक्सिजनदाता' असा शब्द काहीजण सुचवतात. तो टाळावा, कारण इलेक्ट्रॉनच्या हिशेबात हाच पदार्थ घेणारा ठरतो आणि शिकणाऱ्याचा गोंधळ उडतो. 'घन' ऐवजी 'स्थायू' लिहा, शाळेत मुलं तेच शिकतात.

पण हे झालं कागदासाठी. पाटीवर 'ऑक्सिडीकारक स्थायू' एवढंच लिहिलं तर माल उचलणाऱ्याला काय कळणार? इथे आपली प्रयोजक क्रियापदं उपयोगी पडतात: पेटणं आणि पेटवणं, भडकणं आणि भडकवणं. नेमकं तेच अंतर एका 'व' नं दाखवता येतं. मात्र घाईत एक अक्षर सहज नजरेतून सुटतं, म्हणून शब्दावर सगळा भार टाकू नका. मी असं लिहीन: 'आग भडकवणारं रसायन. सूत, कापड, पोती, भुसा यांपासून लांब ठेवा.' खाली बारीक अक्षरात 'ऑक्सिडीकारक स्थायू', शेजारी वर्तुळावर ज्योत असलेली पिवळी खूण. नुसत्या ज्योतीची खूण नको, ती स्वतः पेटणाऱ्यांची. आणखी एक ओळ जरूर घाला: 'आग लागल्यास भरपूर पाणी.' घोंगडं टाकून आग कोंडायची आपली सवय असते, पण जो ऑक्सिजन आतूनच पुरवतो त्याला कोंडून उपयोग नाही.

जाता जाता, तुमच्या स्टोअरमध्ये हायड्रोचे, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइटचे, डबेही असणारच. त्यांना ही पाटी लावू नका. हायड्रो बरोबर उलट कामाचा, क्षपणक (इंग्रजीत 'रिड्यूसिंग एजंट'). निळीला टबात विरघळवतो तो तोच. त्याला थोडी ओल लागली की तो तापतो आणि आपणहून पेटू शकतो. त्याच्यावर लिहा: 'ओल लागली की स्वतः पेटतो.' आणि नायट्राइटची पोती दुसऱ्या खोलीत हलवा.