पासष्ट टक्के दिव्यांगत्व आणि पेन्शनचा हक्क

प्रश्न : माझे पती (वय ४२) सूतगिरणीत सहा वर्षे कामाला होते. नोकरीत असतानाच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि आता ६५ टक्के कायमस्वरूपी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले आहे. तहसील कार्यालयात, ८० टक्क्यांशिवाय मासिक साहाय्य नाही, असे तोंडी सांगितले गेले. गिरणीतील लेखनिक म्हणतात, दहा वर्षे भरली नाहीत, पेन्शन बसत नाही, फंड काढून घ्या. घर माझ्या शिवणकामावर चालते. काय करावे?
– एक वाचक भगिनी

उत्तर : फंडाच्या कोणत्याही अर्जावर तूर्त सही करू नका. दहा वर्षांची अट नेहमीच्या निवृत्तिवेतनासाठी आहे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ च्या परिच्छेद १५ नुसार, नोकरीत असताना कायमचे व पूर्ण अपंगत्व आलेल्या सदस्याची एक महिन्याची वर्गणी जमा असली तरी तो आजीवन निवृत्तिवेतनास पात्र ठरतो. तेथे प्रमाणपत्रावरील टक्केवारी निर्णायक नसते. झटका येण्यापूर्वी तो जे काम करीत होता त्यासाठी तो कायमचा असमर्थ झाला आहे का, एवढेच वैद्यकीय मंडळ तपासते, आणि उजवा हात चालत नसेल तर सूतगिरणीतील कामाबाबत याचे उत्तर अवघड नसावे. अर्ज १०-डी नमुन्यात भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडे करावा. किमान रक्कम दरमहा १,००० रुपये आहे. ती तुटपुंजी आहे हे खरे, पण पेन्शन खात्यातील पैसे एकदा उचलले की हा हक्कच संपतो. पगारातून ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) कपात होत असेल, तर अर्धांगवायूसाठीच्या विस्तारित आजारपण लाभाचीही चौकशी करावी.

आता तहसीलचे. ८० टक्क्यांची अट दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन या केंद्राच्या योजनेची आहे. राज्याच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेला ४० टक्के पुरतात. वय १८ ते ६५, राज्यात १५ वर्षे वास्तव्य आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांपर्यंत, अशा तिच्या मुख्य अटी असून ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांना दरमहा २,५०० रुपये देण्याचा निर्णय झाला आहे. उत्पन्नाच्या दाखल्यात आपले शिवणकाम आणि सुरू झाल्यास पेन्शन, दोन्ही दाखवावी लागतील. मर्यादा इतकी कमी आहे की काही कुटुंबे तेवढ्यानेच बाहेर पडतात, हा या योजनेचा दोषच म्हणावा लागेल. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि नाकारल्यास कारणही लेखीच मागावे.