बायकोसाठी रोजच्या वापराची, खाली दांडीची सायकल स्वतः जोडायची आहे. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की बायकोची उंची ५ फूट १ इंच, नाशिकात शाळेपर्यंत रोज चार-पाच किलोमीटर, वाटेत एक उड्डाणपूल, आठवड्यातून काही दिवस साडी. जुनी फ्रेम घेऊन तिच्या मापाने सायकल उभी करायचा तुमचा विचार आहे. जरूर करा. मी सांगलीत माझ्या बायकोसाठी अशीच सायकल जोडली आणि विश्रामबागेतून ती रोज तिच्यावरूनच कामाला जाते.

पार्ट बघायच्या आधी तिचा दिवस नीट विचारून घ्या. शाळेत सायकल कुठे लावते, घरी पायरी चढवून आत घ्यावी लागते का, वह्यांचा गठ्ठा किती जड असतो, येताना भाजी घेते का. आपल्याला सायकलचा नाद असला की हात आपोआप हलक्या फ्रेमकडे आणि बारीक टायरकडे जातो. इथे तो आवरायचा. सीटपासून घंटीपर्यंत एकेक वस्तू तिने हो म्हटल्यावरच घ्यायची.

फ्रेम जुन्या लेडीज सायकलची, स्टीलची घ्या. जेन्ट्स सायकलची दांडी कापून खाली वेल्डिंग करून देतो म्हणणारा कोणीतरी भेटेलच, त्याला नाही म्हणा. त्या नळ्या पातळ असतात, सांध्यात पितळी डागाने बसवलेल्या असतात आणि साध्या वेल्डिंगने जळून कमजोर होतात. फ्रेम सरळ आहे का हे दोऱ्याने कळतं: हँडलच्या नळीला दोरा वेढा, दोन्ही टोकं मागच्या चाकाच्या खाचांपर्यंत ताणून धरा आणि सीटच्या नळीपासून डाव्या-उजव्या दोऱ्याचं अंतर मोजा. दोन्हीकडे सारखं भरलं तरच पैसे द्या.

वरची दांडी नसल्यामुळे ही फ्रेम थोडी लवचिक असते. कॅरियरवर फार ओझं लादलं की हँडल डुलायला लागतं. जड सामान कॅरियरच्या दोन्ही बाजूंना, खाली लोंबणाऱ्या पिशव्यांत ठेवलं की फरक लगेच जाणवतो. आणि खाली दांडीची सायकल फक्त बायकांची, हे मला पटत नाही. मागे वह्या किंवा पोर बसलेलं असताना पाय मागून टाकता येतच नाही. नेदरलँड्समध्ये पुरुषही अशा सायकली सर्रास चालवतात.

आता चाकं. घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दुकानात "२६ची द्या" म्हणाल तर दोन वेगळी मापं हातात येतील. लेडीज सायकलचं २६ × १ ३/८ आणि माउंटन बाइकचं २६ × १.७५. दोन्ही सव्वीसच, पण रिमवर टायर बसतो तिथला व्यास पहिल्याचा ५९० मिलिमीटर, दुसऱ्याचा ५५९. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. टायरच्या कडेला ३७-५९० असा आकडा छापलेला असतो, तो वाचूनच घ्या. मी ५९०च ठेवलं, कारण पंक्चरवाल्याकडे ट्यूब-टायर हमखास मिळतो, आणि रोजच्या सायकलला यापेक्षा मोठा गुण नाही. रिम मात्र ॲल्युमिनियमची शोधा. चकचकीत स्टीलची रिम पावसात ओली झाली की ब्रेकचं रबर नुसतं घसरतं.

उड्डाणपुलासाठी गिअर हवेत, पण ते हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या आतले, तीन गिअरचे घ्या. कारण असं की ते सायकल उभी असतानाही बदलता येतात. सिग्नलला जड गिअरवर थांबली तरी जागच्या जागी हलका गिअर टाकून निघता येतं. बाहेरच्या गिअरला त्यासाठी पॅडल फिरत असावं लागतं. शिवाय चेन एकाच रेषेत राहते, म्हणून पूर्ण बंद चेनकव्हर बसतं आणि साडीला काळं लागत नाही. जुन्या फ्रेमच्या खाचा लांब असतात, त्यामुळे चाक मागे ओढून चेन ताणता येते. हबला त्या सोयीच्या पडतात.

हिशोब असा. साध्या सायकलला बऱ्याचदा पुढे ४४ आणि मागे १८ दात असतात, म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात चाक साधारण २.४ वेळा फिरतं. स्टर्मी-आर्चर कंपनीच्या तीन गिअरच्या हबमध्ये मधला गिअर सरळ, हलका पाऊणपट, जड सव्वापटीहून थोडा जास्त. मागे २२ दातांचं चक्र लावलं की मधला २, हलका १.५, जड २.६७. हलक्यावर पूल बसल्या बसल्या चढता येतो. फक्त चक्र मोठं झाल्यामुळे ते चेनकव्हरला आतून घासत नाही ना, ते आधी बघा.

हब मागवताना तारांची भोकं मोजा. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीच्या सायकलला पुढच्या रिमला ३२ आणि मागच्या रिमला ४० तारा असतात, तर गिअरचं हब बहुतेक ३६ भोकांचं मिळतं. रिम त्याच आकड्याची घ्या. चाक विणायला आणि आऊट काढायला, म्हणजे तारा ताणून चाक डुलणार नाही असं सरळ करायला, जुन्या मिस्त्रीकडेच द्या. आऊट काढताना त्यांच्या शेजारी उभं राहून बघण्यासारखं असतं, तार छेडून नुसत्या आवाजावरून त्यांना ताण कळतो.

बसण्याचं माप: भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं करा, दोन पायांमध्ये पुस्तक वर दाबून धरा, पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं माप घ्या. त्याला ०.८८ ने गुणलं की क्रँकच्या (पॅडल ज्या दांड्यावर असतं त्याच्या) फिरण्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची येते. शहरात सतत थांबावं लागतं, म्हणून त्याहून दोनेक सेंटिमीटर खालीच ठेवा, म्हणजे चवडे टेकतात. हँडल सीटपेक्षा वर आणि मागे वळलेलं हवं, पण पूर्ण वळवून गुडघ्याला लागत नाही ना, हे तिला बसवून पाहा. ताठ बसल्यावर सगळा भार सीटवर येतो, तेव्हा सीट रुंद, स्प्रिंगची घ्या.

साडीसाठी मागच्या चाकाला जाळी हवीच, पदर आणि ओढणी दोन्ही तिकडेच जातात. मी मडगार्डच्या कडेला ओळीने बारीक भोकं पाडली, कडा कानशीने घासल्या आणि प्रत्येक भोकातून नायलॉनची दोरी ओवून खाली आसाजवळच्या पट्टीपर्यंत पंख्यासारखी ताणली. दोन्ही बाजूंना. बायकोने रंग निवडला, लाल. बाजारात तयार जाळी मिळते, पण ही दोरी तुटली तर घरी बदलता येते. मडगार्ड आणि टायरमध्ये बोटभर जागा सोडा. आमच्याकडच्या काळ्या मातीत ती नसेल तर पहिल्याच पावसात चाक जाम होतं.

दिवा पुढच्या हबमधल्या डायनमोवरचा घ्या, थांबल्यावरही थोडा वेळ जळत राहणारा. बॅटरी चार्ज करायची आठवण ठेवावी लागत नाही.

फ्रेम मिळाली की मागच्या दोन खाचांमधलं आतल्या बाजूचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून खाली लिहा. जुन्या फ्रेममध्ये ते बहुधा ११०च्या आसपास भरतं आणि हबला थोडं जास्त लागतं. स्टील असल्यामुळे तेवढं फाकवता येतं. किती फाकवायचं ते माप बघून सांगतो.