महाराज हवेत की मुक्काम हवा?

मागच्या अंकात मी जपानच्या सहलीचा ओझरता उल्लेख केला, त्यावर आलेला पत्रांचा गठ्ठा संपादकांनी घरी पाठवून दिला. बहुतेक पत्रं बडोद्याचीच आहेत. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, पाच निवडली. नव्या वाचकांसाठी सांगते: मी बँकेतून निवृत्त झाले, दांडिया बाजारात राहते आणि जपानला दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा ग्रुपबरोबर. जपानी भाषा येत नाही. नमस्कार आणि आभार, एवढे दोन शब्द येतात आणि ते भरपूर वापरते.

आम्ही दोघं, वय ६६ आणि ६१. दोन सहलींची पत्रकं समोर आहेत. पहिली ९ दिवसांची: टोकियो, हाकोने, कानाझावा, क्योतो, नारा, ओसाका, हिरोशिमा; सोबत महाराज, म्हणजे स्वयंपाकी, रोज गरम गुजराती जेवण. दुसरी ११ दिवसांची: फक्त कानाझावा, क्योतो, नारा आणि कोयासान. महाराज नाहीत, तिथला गाइड आहे, आणि पैसे बरेच जास्त. हिला कांदा-लसूणही चालत नाही. काय करावं? (कारेलीबाग)

दुसरी घ्या. आता कारण सांगते, जरा लांबेल.

पहिल्या खेपेला मीही तुमच्यासारखंच पत्रक वाचलं होतं. आधी जेवण पाहिलं, मग शहरं मोजली, आणि कुठे किती रात्री राहणार हे पाहिलंच नाही. आमच्याबरोबरच्या महाराजांच्या हाताला फार चव होती. क्योतोत त्यांनी केलेली कढी मी अजून विसरले नाही. पण ती कढी जिथे शिजे तिथे चाळीस माणसांना दुपारी परत न्यावं लागे. देवळापासून जेवणापर्यंत पाऊण तास, जेवायला तास, मग पुन्हा पाऊण तास. दिवस त्यातच सरायचा.

क्योतोच्या र्योआनजी देवळात आम्हाला वीस मिनिटं मिळाली. तिथे पांढऱ्या खडीचं एक अंगण आहे, त्यात पाच गटांत पंधरा दगड. बाजूच्या लाकडी ओसरीवर बसायचं आणि बघायचं. ओसरीवर कुठेही बसा, चौदाच दगड दिसतात. मी मोजले चौदा, आमच्या ह्यांनी मोजले चौदा, आणि कुणाचा कुठला राहिला यावरून आमची हुज्जत सुरू झाली तेवढ्यात मॅनेजर झेंडा हलवत आला, "चला, जेवण थंड होतंय." दुसऱ्या खेपेला त्याच ओसरीवर तासभर बसले. दोन हात सरकलं की लपलेला दगड पुढे येतो आणि आधी दिसणारा एक हळूच मागे जातो. हे पत्रकात लिहिता येत नाही, आणि वीस मिनिटांत दिसतही नाही.

म्हणून पत्रक हातात घेतलं की आधी रात्री मोजा. क्योतो ७९४ पासून १८६८ पर्यंत राजधानी होती, हजार वर्षांहून जास्त. त्याला दोन रात्री देणारी सहल मला पटत नाही, चार हव्यात. नारा त्याच्याही आधीची राजधानी, ७१० ते ७८४. क्योतोहून रेल्वेने तासाभरात पोचता येतं म्हणून सगळे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतात. तिथे एक रात्र राहणारी सहल मिळाली तर सोडू नका. गर्दी ओसरल्यावर हरणं आणि तुम्ही, एवढेच उरता. (हरणांपासून कागद सांभाळा. माझी कार्यक्रमपत्रिका त्यांनी निम्मी खाल्ली. त्यानंतरचा दिवस सगळ्यांत छान गेला.)

आता वहिनींच्या जेवणाचं. इथे अवघड आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी नावाचं पाणी. ते बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनितो माशाच्या कात्रणांपासून काढतात, आणि ते सगळीकडे असतं: मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या) कढणात, नूडल्सच्या रश्शात, भजी बुडवायच्या पाण्यात, पालकाच्या साध्या भाजीतसुद्धा. मासा डोळ्यांना दिसत नाही म्हणून वाढणाऱ्याला ते शाकाहारीच वाटतं. "व्हेजिटेरियन" एवढं म्हणून भागत नाही. मांस, मासा, अंडं आणि माशाची दाशी नको, कांदा-लसूण नको, असं जपानीत लिहिलेलं कार्ड सहलवाल्यांकडून करून घ्या आणि गाइडकडे न देता स्वतःच्या पाकिटात ठेवा.

पण तुमची ती महागडी सहल कोयासानला जाते, हे वहिनींना मोठ्याने वाचून दाखवा. कोयासान डोंगरावर आहे, सुमारे ८०० मीटर उंचीवर. शेवटचा टप्पा केबलकारने चढायचा. तिथे शंभरावर देवळं आहेत आणि त्यांतल्या पन्नासेक देवळांत पाहुणे उतरतात. जेवण मिळतं ते भिक्षूंचं, शोजिन र्योरी. त्यात मांस-मासा नाही, आणि परंपरेने कांदा-लसूणही नाही! दाशी असते ती कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाची आणि शिताके आळंब्यांची. तिळाचं घट्टसर तोफू, गोठवून वाळवलेलं तोफू, भाज्या, भात, लोणचं. आपल्या मानाने तिखट-मीठ कमी, पण वहिनींनी त्या दोन दिवसांत एकदाही "यात काय आहे?" असं विचारायची गरज नाही. क्योतोतही यूबा मिळते, सोयाबीनच्या दुधावरची साय. दुधाच्या सायीवर वाढलेल्या माणसाला ती लगेच कळते.

कोयासानचं आणखी एक. हे ठाणं कूकाई या आचार्यांनी ८१६ साली मिळवून वसवलं. ८३५ मध्ये ते गेले असं तिथे कुणी म्हणत नाही. ते ओकुनोइनच्या समाधीत ध्यानाला बसलेले आहेत, आणि रोज सकाळी दोनदा त्यांच्यासाठी जेवणाची पेटी नेतात. मी ती मिरवणूक पाहिली तेव्हा शेजारची अहमदाबादची बाई चकित झाली होती. मला आळंदीची संजीवन समाधी ठाऊक, मी कशाला चकित होऊ? काही देवळांत अग्नीत लाकडाच्या समिधा टाकतात, त्या विधीचं नाव गोमा. म्हणजे आपला होमच. शब्द चीनमार्गे गेला, एवढंच.

बाकी खाकरे, मेतकूट आणि कोरडी चटणी न्या. ताजी फळं, मिरच्या, कढीपत्ता नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. आणि किमतीवर टीसीएस, म्हणजे सहलवाले आगाऊ घेतात तो कर, वेगळा लागेल, तो बुडाला समजू नका. आयकर विवरणपत्र भरताना वळता होतो.

मी फाइन आर्ट्सला शिल्पकला शिकते. आजी-आजोबांबरोबर ग्रुप टूरने जाते आहे. नारा आणि क्योतोत माझ्यासाठी काय? (सयाजीगंज)

भाग्यवान आहेस. नाऱ्याच्या तोदाइजी देवळात ब्राँझचा बुद्ध आहे, बसलेला, सुमारे १५ मीटर उंच. सगळे मान वर करून चेहऱ्याचे फोटो काढतात. तू मात्र आधी खाली बघ. वेळोवेळी आग लागून मूर्ती मोडली, डोकं सतराव्या शतकाच्या अखेरचं आहे, पण कमळाच्या काही पाकळ्या आठव्या शतकातल्या, त्यांवर कोरलेल्या रेषांसकट. डागडुजीचे सांधे आणि धातूचा बदललेला रंग शोध. त्यावरचं लाकडी सभागृह १७०९ चं आणि मूळच्यापेक्षा अरुंद आहे, हे तिथे उभं राहून खरं वाटत नाही.

या मूर्तीचे डोळे ७५२ साली उघडले ते बोधिसेन या भारतीय भिक्षूने. तो ७३६ मध्ये जपानला पोचला होता. कुंचल्याला लांब दोर बांधले होते आणि जमलेल्या लोकांनी ते धरले होते, म्हणजे डोळा रंगवण्यात सगळ्यांचा हात लागला. तो कुंचला आणि दोर शोसोइनच्या खजिन्यात अजून जपलेले आहेत. आपल्याकडे मूर्तिकार शेवटी डोळे उघडतो, ते तू पाहिलेलं असशीलच.

क्योतोत सांजूसानगेंदो देऊळ. नाव खांबांमधल्या तेहतीस खणांवरून. १२० मीटर लांब दालनात कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, एक हजार उभ्या मूर्ती आणि मधे एक बसलेली. मधली तांकेई या शिल्पकाराने १२५४ मध्ये पूर्ण केली, वय ८२. हिनोकी लाकडाचे तुकडे जोडून पोकळ मूर्ती, वर लाख, वर सोन्याचा वर्ख. पुढच्या ओळीत अठ्ठावीस रक्षक उभे आहेत, त्यांत इंद्र, ब्रह्मा आणि गरुड सापडतील. गरुड बासरी वाजवतो. फोटोला बंदी आहे, वही-पेन्सिल ने आणि विचारून मगच काढ. आजी-आजोबांना त्या गरुडापाशी उभं कर, मॅनेजर झेंडा हलवायला लागला की ते तुझ्यासाठी दहा मिनिटं जास्त मागतील.

आणि जायच्या आधी एकदा आपल्याच विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागात चौकशी कर. गुजरातमधल्याच देवनी मोरीच्या बौद्ध स्तूपातला दगडी अस्थिकरंडक त्यांच्याकडे आहे. नाऱ्याचा बुद्ध ज्या परंपरेतून गेला ती तुझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे.

माझे गुडघे दुखतात. झेपेल का? (वय ७१, अलकापुरी)

रोज दहा-बारा हजार पावलं होतात, ती आधी कमाटीबागेत घालून बघा. कियोमिझू देवळाकडे जाणारा रस्ता चढाचा आहे आणि फुशिमी इनारीच्या लाल कमानींखाली पायऱ्या संपतच नाहीत. मात्र तिथे अर्ध्यातून परतलं तरी चालतं, मी परतले. बूट सारखे काढावे-घालावे लागतात, तेव्हा नाडीचे नकोत आणि मोज्याला भोक नको. कोयासानला गादी जमिनीवर असते. सहलवाल्यांना आत्ताच लिहून कळवा, काही देवळांत खुर्ची किंवा पलंगाची सोय होते. मोठी बॅग एका हॉटेलातून पुढच्या हॉटेलात कुरिअरने पाठवतात, ती सेवा सहलीत आहे का हे जरूर विचारा. गुडघ्यांसाठी याहून मोठं औषध नाही.

औषधं किती न्यावीत? आणि इथली चहाची इलेक्ट्रिक किटली तिथे चालेल का? (मांजलपूर)

डॉक्टरांनी लिहिलेली औषधं महिनाभराच्या मापापर्यंत, मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसकट. त्याहून जास्त न्यायची तर आधी परवानगी काढावी लागते. खरी गोम सर्दी-खोकल्याच्या औषधांत आहे. कोडीन किंवा स्यूडोएफेड्रिन असलेल्या गोळ्या-सिरपवर जपानमध्ये कडक नियम आहेत. आपल्या डॉक्टरांना वेष्टन दाखवून विचारा आणि शंका आली तर घरीच ठेवा. किटलीही घरीच ठेवा, तिथे वीज १०० व्होल्टची. मोबाइलचा चार्जर चालतो, फक्त चपट्या दोन पात्यांची पिन लागते.

मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेले. जपान आमच्या दोघांच्या यादीत होतं. मुलं म्हणतात एकटी कशी जाणार, आणि अनोळखी बाईबरोबर खोली वाटून घ्यायची माझी तयारी नाही. जास्तीचे पैसे भरणं उधळपट्टी आहे का? (रावपुरा)

नाही. भरा.

माझ्या दुसऱ्या सहलीत तुमच्यासारख्या तिघी होत्या. तिघी वेगळ्या खोल्यांत राहिल्या आणि संध्याकाळी साडेसातला एकीच्या खोलीत जमायच्या. कानाझावात त्यांनी सोन्याच्या वर्खाचं आख्खं पान लावलेलं आइसक्रीम खाल्लं आणि ओठांना सोनं तसंच ठेवून बसमध्ये चढल्या. कोयासानच्या खोल्यांना कागदी सरकती दारं असतात. पलीकडचं घोरणं ऐकू येतं, त्यामुळे एकटं वाटायची सोय नाही. पहाटेच्या प्रार्थनेला भिक्षूंना नाव लिहून दिलं तर ते गेलेल्या माणसासाठी पाठ म्हणतात, त्याचे वेगळे पैसे पडतात. आमच्यातल्या एकीने नाव दिलं होतं. परत येताना ती काही बोलली नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

मुलांना गाइडचा नंबर आणि रोजच्या हॉटेलांची यादी देऊन ठेवा. जाताना दुधाची पावडर न्या. खोलीत चहा असतो, दूध नसतं.