दशा सांगण्याआधी जन्मवेळ पक्की कर

भावा, विंशोत्तरी, म्हणजे जन्मनक्षत्रावरून ग्रहांच्या दशा (आयुष्यातले कालखंड) काढायची पद्धत शिकतोयस, चांगलं आहे. पण "अंबाबाईची काकड आरती चालू होती" एवढ्यावर कुंडली मांडू नकोस. दवाखान्याची नोंद माग. चंद्र साधारण 24 तासांत एक नक्षत्र ओलांडतो. जन्म भरणी नक्षत्रावर असेल, तर त्याचा स्वामी शुक्र, म्हणून त्या 24 तासांतच शुक्राची 20 वर्षं विभागली जातात. वेळ तासाने चुकली की पुढच्या सगळ्या दशा दहा महिने सरकल्या!

अंतर्दशा, म्हणजे एका ग्रहाच्या दशेतला दुसऱ्या ग्रहाचा छोटा काळ, हातानेच काढ. दोन्ही ग्रहांची वर्षं गुणायची, दहाने भागायचं, महिने मिळतात. शुक्रात शनी: 20 गुणिले 19, भागिले 10, म्हणजे 38 महिने.

सप्तमेशाची (लग्नाच्या सातव्या स्थानाच्या स्वामीची) अंतर्दशा लागली म्हणून लगेच लग्नाचा महिना सांगायचा नाही, गुरूचं गोचरही (त्या वेळचं राशींतलं भ्रमण) बघ. मृत्यूबद्दल कुणी विचारलं तर सरळ नकार दे.